पटावरची दहा मुले

ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांची एक परिषद झाली. राज्यघटना अजून लागू व्हायची होती. केंद्रात मौलाना आझाद शिक्षणमंत्री होते. मुलाचे प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, आणि ती भाषा प्रांताच्या भाषेहून वेगळी असेल तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा, असा ठराव परिषदेने केला. अट एवढीच, की संबंध शाळेत त्या भाषेची चाळीस मुले असावीत किंवा एका वर्गात दहा. मुलाची मातृभाषा कोणती, हे आईबाप सांगतील तेच खरे धरायचे.

बी.एड.च्या नोट्समध्ये मेकॉलेपासून कोठारीपर्यंतचे सगळे आयोग सनावळीसकट पाठ करून घेतले होते. हा ठराव मात्र त्यात कुठे भेटला नाही. वास्तविक उर्दू माध्यमाच्या शिक्षकाची भाकरी अशाच आकड्यांवर भाजली जाते. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ३० सप्टेंबर ही तारीख ठाऊक असते. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते. महिनाभर आधीपासून आम्ही मोहल्ल्यात फिरतो. कोणाचे मूल मदरशात गेले, कोणाचे मामूकडे मालेगावला, कोणाचे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसले, याची विचारपूस करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा इतिहास आपण आयोग आणि अहवाल यांच्या नावांनी वाचत आलो आहोत. तोच इतिहास हजेरीपटाच्या बाजूने वाचला तर काय दिसते, ते मला इथे मांडायचे आहे. मी दिंडोरीत बसून लिहिते आहे, त्यामुळे नजरही इथलीच आहे.

मुंबई इलाख्यात माध्यमाचा वाद फार जुना. १८४० मध्ये मुंबईत शिक्षण मंडळ स्थापन झाले. पुढे त्याचे अध्यक्ष झालेले सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते होते. उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे, देशी भाषांवर पैसा घालवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मंडळावरच्या तीन हिंदी सभासदांनी त्यांना विरोध केला. त्यातले जगन्नाथ शंकरशेट आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. दुसरे फ्रामजी कावसजी. तिसरे महंमद इब्राहिम मकबा हे कोकणी मुसलमान. त्यांचे नाव आज कोकणात तरी किती जणांना ठाऊक असेल? १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता. लोकांना त्यांच्या भाषेतून शिकवल्याशिवाय शिक्षण खाली झिरपणार नाही, असे एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान एका बाजूने सरकारला सांगत होते. मुस्लिम समाजाने आधुनिक शिक्षणाकडे पाठ फिरवली, हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की मकबांसारख्या माणसाला बसायला त्यात जागाच उरत नाही.

पाठ फिरवली होती हेही खोटे नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात आपल्याबद्दलही दोन ओळी आहेत. मुसलमान या सरकारी शाळांपासून अलिप्त राहतात, त्यांना मराठीची वा इंग्रजीची विशेष आवड दिसत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या प्राथमिक शाळा थोड्या आहेत, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. त्यात टोमणा नाही. शेतकऱ्याच्या मुलाबद्दल, महार-मांगांच्या मुलांबद्दल त्यांनी ज्या काळजीने लिहिले, त्याच काळजीची ती नोंद आहे. ज्या माणसाला घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, ज्याच्या पत्नीच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते, त्याला मुस्लिम मोहल्ला अपरिचित नव्हता.

हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणावर वेगळ्या शिफारशी केल्या. शिष्यवृत्त्या द्या, मुस्लिम शिक्षकांसाठी अध्यापन शाळा काढा, तपासणी अधिकाऱ्यांत मुसलमान नेमा, वगैरे. माध्यमाबद्दलची शिफारस मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्राथमिक आणि मधल्या शाळांत मुसलमानांना हिंदुस्थानीतून शिकवावे, मात्र जिथल्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तिथे तसे करू नये. म्हणजे एक दार उघडले आणि दुसरे उघडेच ठेवले. मुंबई इलाख्यात पुढे ज्या उर्दू शाळा निघाल्या, त्यांची मुळे या धोरणात आहेत. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्येच झालेली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगची सोय केली आणि १९१७ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये पडले होते. त्याला पैसे नाहीत असे सरकार म्हणत होते. हे उत्तर पुढे आपल्याला फार वेळा ऐकायला मिळणार होते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम ठरवण्याचे काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे आले. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाभोवती, असा तो आराखडा होता. मुस्लिम लीगने त्यावर सडकून टीका केली. आपल्या घरांत त्या टीकेची आठवण राहिली आणि आराखडा ज्यांनी लिहिला त्यांची राहिली नाही, ही चमत्कारिक गोष्ट आहे. त्या समितीतले एक सभासद ख्वाजा गुलामुस सय्यदैन पुढे मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार झाले, मग मौलाना आझादांच्या खात्याचे सचिव, आणि शेवटी कोठारी आयोगाचे सभासद. वर्ध्यापासून कोठारीपर्यंतचा धागा एका माणसाच्या हातात असा सापडतो.

मौलाना आझाद स्वतः ऑगस्ट १९४२ पासून एप्रिल १९४५ पर्यंत अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे तिथलीच. ते किल्ल्यात असताना १९४४ मध्ये सरकारचा सार्जंट अहवाल आला. हिंदुस्थानातील सर्व मुलांना शाळेत आणायला चाळीस वर्षे लागतील, असा त्याचा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर हा हिशेब कोणालाच पटेना. बाळासाहेब खेर यांच्या समितीने तो सोळा वर्षांवर आणला आणि केंद्राने उत्पन्नाच्या दहा टक्के, प्रांतांनी वीस टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सुचवले. घटनेच्या ४५ व्या कलमाने त्याहून घाई केली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यायला दहा वर्षांची मुदत घातली. मुदत १९६० ला संपली. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झाले. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि हक्काचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. सार्जंटसाहेबांची चाळीस वर्षे १९८४ मध्ये पुरी होत होती. आपण त्यांच्याहूनही मागे राहिलो.

भाषेच्या बाबतीत घटनेत महत्त्वाची भर पडली ती १९५६ मध्ये. भाषावार प्रांतरचनेबरोबर सातवी दुरुस्ती झाली आणि ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. ‘प्राथमिक टप्प्यावर’ या दोन शब्दांपाशी थांबायला हवे. पुढच्या टप्प्याबद्दल कलम काही बोलत नाही. माध्यमिक शाळेसाठी दक्षिण विभागीय परिषदेने १९५९ मध्ये नवे आकडे ठरवले. वरच्या चार वर्गांत मिळून साठ मुले आणि प्रत्येक वर्गात पंधरा. दहाचे पंधरा झाले, चाळीसचे साठ. कागदावर फरक किरकोळ दिसतो.

मालेगावात तो खरोखर किरकोळ आहे. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी तिथे माग बसवले आणि बरोबर आपली भाषाही आणली. एकेका गल्लीत साठ मुले निघतात. उर्दू हायस्कूल, ज्युनियर कॉलेज, डी.एड., सगळे त्या शहरात उभे राहिले. नाशिक शहरातही सोय आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूला या. इथे मुस्लिम वस्ती गावागणिक थोडी. कोणी फळांचा व्यापारी, कोणी बेकरीवाला, कोणी गॅरेज चालवणारा, बरेचसे मजूर. पहिलीला दहा मुले जमतात. चौथीपर्यंत त्यातली सात राहतात. सातवीनंतर वर्गात पंधरा मुले आणायची कोठून? मुलगा पंचवीस किलोमीटरवर नाशिकला जाईल, नाहीतर मालेगावला नातेवाइकांकडे राहील. मुलीला आठवीत मराठी शाळेत घालायचे, नाहीतर घरी बसवायचे.

एसटीचा मोफत पास तिला मिळतो. पण गावातून निघणाऱ्या गाडीची वेळ आणि उर्दू शाळेची वेळ जुळावी लागते, संध्याकाळी अंधाराआधी घरी पोचावे लागते, आणि सोबतीला आणखी दोघी तरी असाव्या लागतात. अम्मीचा हिशेब पासचा नसतो, सोबतीचा असतो. शिवाय जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम. कडवा नदीवर पालखेडचे धरण झाले, कालव्यांचे पाणी फिरले आणि या तालुक्याची द्राक्षे परदेशी गेली. विकास म्हणतात तो इथे डोळ्यांना दिसतो. त्या विकासाच्या पॅकिंग शेडमध्ये तेरा-चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर उभी असते आणि मार्चमध्ये माझ्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते. ती मुसलमानाची असते तशीच कोकणा किंवा महादेव कोळ्याचीही असते.

या आदिवासी शेजाऱ्यांचा विषय आपण उर्दूवाले फारसा काढत नाही. तो काढायला हवा. दिंडोरी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. कोकणा बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या पुस्तकातली मराठी त्याच्या घरची नसते. ३५०-अ कलम त्याच्यासाठीही लिहिलेले होते. तरी त्याची बोली आश्रमशाळेचे माध्यम कधी झाली नाही. दहा काय, एका वर्गात चाळीस कोकणा मुले बसतात, तरीही आकड्याचा नियम त्यांच्या कामी आला नाही. मागणारा कोणी नव्हता, छापील पुस्तक नव्हते, दिल्लीत बोलणारे कोणी नव्हते. उर्दूकडे हे सारे होते. आपली तक्रार मांडताना एवढे भान राहिले तर बरे.

आणि आपली मातृभाषा तरी कोणती? माझ्या वर्गातली मुले घरी जे बोलतात त्यात ‘हमकू’, ‘तुमकू’, ‘कायकू’ आहे, मराठीतला ‘च’ आहे, अधूनमधून अहिराणी आहे. पुस्तकातली लखनवी उर्दू त्यांना शिकावीच लागते. फक्त ती कानाला ओळखीची असते. कोकणात तर घरात कोकणी आणि शाळेत उर्दू असा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालू आहे. म्हणजे जनगणनेत आणि दाखल्यावर आपण ‘उर्दू’ लिहितो तेव्हा भाषा सांगतो की ओळख, हा प्रश्न उरतोच. हमीद दलवाई आणि १९७० मध्ये त्यांनी स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांनी महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी मराठीतून शिकावे असा आग्रह धरला, तो या प्रश्नावरच बोट ठेवून. त्यांच्या सगळ्या भूमिका ज्यांना मान्य नव्हत्या, अशांनीही १९९० मध्ये सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून मराठी ही आपलीही भाषा आहे हे मोठ्याने सांगितले. मी उर्दूत शिकवते आणि हा लेख मराठीत लिहिते आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची तीच गत असेल.

दुसरी बाजूही सांगते. भाषा ओळखीची खूण झाली म्हणजे ती दुसऱ्याच्या मानगुटीवरही बसू शकते. पूर्व पाकिस्तानात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात गोळीबार झाला तो बंगालीसाठी, उर्दूच्या सक्तीविरुद्ध. त्याच तारखेला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक मातृभाषा दिन ठरवले. आमच्या शाळांत हा दिवस साजरा करताना उर्दूचे तराणे गायले जातात. त्या दिवशी उर्दू कोणत्या बाजूला उभी होती, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? तरीही लहान मुलाने समजेल त्या भाषेत वाचायला शिकावे, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. युनेस्कोने ते १९५३ मध्येच सांगितले होते. आणि पहिलीच्या वर्गात उभे राहिले की अहवाल न वाचताही कळते.

१९६४ मध्ये कोठारी आयोग नेमला गेला तेव्हा शिक्षणमंत्री होते मुंबईचे एम. सी. छागला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. या नाईकांनी सय्यद नूरुल्ला यांच्याबरोबर लिहिलेला हिंदुस्थानातील शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये निघाला होता आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी तो अभ्यासला. १९६६ मध्ये आलेल्या अहवालाचे नावच ‘शिक्षण आणि राष्ट्रीय विकास’ असे होते. धरणे आणि पोलादाच्या कारखान्यांच्या त्या काळात, शाळा हीसुद्धा गुंतवणूक आहे, हे सरकारला पटवण्याची ती धडपड होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, सर्वांसाठी शेजारची सामाईक शाळा काढा, असे आयोगाने सांगितले. सहा टक्के १९६८ च्या धोरणात आले, १९८६ च्या धोरणात आले, २०२० च्या धोरणातही आहेत. खर्चात ते कधी आले नाहीत.

या आयोगाच्या काळातून महाराष्ट्राला मिळालेली एक गोष्ट मात्र खरोखर हाती लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, सुरू झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू यांच्या बरोबरीने उर्दूतही तिची पुस्तके निघतात. मराठी शाळेतल्या मुलाचा विज्ञानाचा धडा आणि उर्दू शाळेतल्या मुलाचा धडा एकच, चित्रेही तीच. दहावीची परीक्षा एकच मंडळ घेते. बाहेरून पाहणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. पण उत्तर प्रदेशात, जी उर्दूची जन्मभूमी समजली जाते, तिथे त्रिभाषा सूत्रातली तिसरी जागा बहुतेक शाळांत संस्कृतने घेतली आणि उर्दू माध्यमाची सरकारी शाळा शोधावी लागते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि नगरपालिका उर्दू शाळा चालवतात, तिथल्या मुलांना सरकारी पुस्तक आणि दुपारची खिचडी मिळते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. देशभरातल्या मुस्लिमांची ५९.१ टक्के होती. या फरकात गावोगावच्या उर्दू प्राथमिक शाळांचा वाटा नाही असे कोणी म्हणू नये.

पण साक्षरता म्हणजे चौथीपर्यंतची मजल. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीने पुढची गोष्ट सांगितली. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा गळाली होती. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन टक्के. आपली मुले मदरशात अडकली आहेत, या समजुतीला या आकड्याने सुरुंग लावला. ती कुठेच अडकलेली नव्हती, मधूनच नाहीशी झाली होती. याच्या तीस वर्षे आधी, १९७५ मध्ये, उर्दूसाठी नेमलेल्या गुजराल समितीने आपला अहवाल दिला होता. तो संसदेपुढे यायला १९७९ उजाडले. त्यानंतर त्या अहवालाचे काय झाले हे पाहायला १९९० मध्ये अली सरदार जाफरी यांची समिती नेमावी लागली.

शिक्षकांच्या जागांची कथा मला जास्त जवळची, म्हणून तिच्यावर थोडे अधिक. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक तीन वर्षे महिना तीन हजार रुपये मानधनावर. त्यातही उर्दूच्या जागांना एक वेगळी गाठ बसलेली. बिंदुनामावलीप्रमाणे काही जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असतात. उर्दूतून डी.एड. झालेला त्या प्रवर्गातला उमेदवार मिळत नाही, आणि जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. आरक्षणाला माझा विरोध नाही. दिंडोरीत राहून तो असूच शकत नाही. पण एकीकडे पेठ-सुरगाण्याचा आदिवासी पदवीधर नोकरीसाठी पुण्याला रांगेत उभा, आणि इकडे एक शिक्षक चार वर्ग एका खोलीत सांभाळतो आहे. या गाठीचा फायदा कोणालाच झाला नाही. ती सोडवायला अहवाल लागत नाही, एक साधा नियम बदलावा लागतो. पुढे २०१३ पासून टीईटी आली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्याचा आदेश दिला. ज्या प्रकरणात हा निकाल लागला, त्यातली अर्जदार महाराष्ट्रातली एक मुस्लिम शिक्षणसंस्थाच होती. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदा कितपत लागू, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

जुलै २०२० मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे त्यात म्हटले आहे. आठवीचे नाव वाचून मला आनंद झाला, कारण आमची गळती नेमकी तिथे आहे. पण त्याच वाक्यात ‘जिथे शक्य असेल तिथे’ असेही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मातृभाषेच्या मागे ‘व्यवहार्य असेल तितपत’ ही शेपटी होतीच. शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? तर पुन्हा पट. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. मराठी शाळेबाबत याचा अर्थ शेजारच्या गावची मराठी शाळा असा होतो. डोंगरातल्या वाडीवरच्या पोरांना तेही सोपे नाही. उर्दू शाळेबाबत शेजारच्या गावी उर्दू शाळाच नसते. तिथे समूह म्हणजे दुसरे माध्यम किंवा घर. १९४९ च्या ठरावाप्रमाणे वर्गात दहा मुले असली तर शिक्षक द्यायचा होता. आता एका इयत्तेत दहा आणि बाकी वर्गांत मिळून आठ असली तरी शाळा वीसच्या खालीच जाते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या अखेरीस, पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली. पहिली ते पाचवीला वर्षाला हजार रुपये मिळत. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षण मोफतच आहे, तेव्हा तिची गरज नाही, असे कारण देण्यात आले. हजार रुपयांत काय होते असे विचारणाऱ्यांनी जूनमध्ये एकदा मोहल्ल्यात यावे. दप्तर, बूट, पावसाळी चप्पल यांत ते जात. फॉर्म भरण्यासाठी वडील बँकेत खाते उघडायला, दाखला काढायला शाळेत येत, आणि त्या निमित्ताने आम्ही मुलीच्या सातवीबद्दल त्यांच्याशी दोन शब्द बोलून घेत असू. आता ते वडील शाळेत येत नाहीत, आम्हालाच त्यांच्या दारी जावे लागते.

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा शासन निर्णय निघाला आणि महाराष्ट्र पेटून उठला. लहान मुलांवर तीन भाषांचे ओझे नको, असे साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ, पक्ष सगळेच म्हणू लागले. जूनच्या अखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. विरोध योग्यच होता, मीही त्यावर सही केली. पण त्या दोन महिन्यांच्या गदारोळात उर्दू शाळेतल्या पहिलीच्या मुलाची आठवण कोणाला झाली नाही. ते मूल आधीच तीन भाषा शिकते आहे, उर्दू, मराठी आणि इंग्रजी. लिप्याही तीन. एक उजवीकडून डावीकडे लिहायची, दोन डावीकडून उजवीकडे. उर्दूची वही ज्या बाजूने उघडायची ती मराठीच्या वहीची शेवटची बाजू असते, आणि जून-जुलैत निम्मी मुले मराठीचा ‘अ’ शेवटच्या पानावर काढून ठेवतात. आम्ही वह्यांना वेगवेगळ्या रंगांची कव्हरे घालून देतो. उर्दूला हिरवे, मराठीला पिवळे, इंग्रजीला निळे. ऑगस्टपर्यंत हात आपोआप वळायला लागतो. मग सप्टेंबर येतो.